अकरा तुकड्यांचा हेळवी

हेळवी खोटं बोलत नाही, हे वाक्य पद्मजानं सात वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं की ते तिच्या तोंडात बसून गेलं होतं. आणि वाईट हेच, की ते वाक्य खरं होतं. हेळवी खोटं बोललाच नव्हता.

हेळवी म्हणजे खरं तर माणूस. सांगली-मिरजेकडची जुनी माणसं अजून सांगतात, सुगी झाली की तो दारात येऊन उभा राहायचा, चोपडी उघडायचा आणि तुमच्या घराण्याचा मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, कुणाचा वंश कुठल्या गावी जाऊन वसला, सगळं घडाघडा वाचून दाखवायचा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात २०३७ साली जे यंत्र आलं, त्याचं कागदावरचं नाव हातभर लांब होतं, ते कुणाच्या जिभेवर बसेना. वॉर्डातली एक मावशी म्हणाली, “हा तर आमच्या गावचा हेळवीच की.” झालं, तेच नाव पडलं. कारण काम तेच होतं. फक्त हा वंशावळ वाचायचा ती माणसांची नव्हे, रोटाव्हायरसची.

रोटाव्हायरस हे लहान लेकरांच्या जुलाबांचं जुनं कारण. थंडी पडली की त्याचे दिवस येतात. वर्ष-दीड वर्षाचं लेकरू आधी उलटी करतं, मग ताप, मग पाण्यासारखे जुलाब. दोन दिवसांत डोळे खोल जातात, रडताना पाणी येत नाही. लस आल्यापासून वॉर्ड निम्म्याहून अधिक रिकामा झाला होता, ही मोठीच गोष्ट. पण हा विषाणू बिलंदर. त्याचा सगळा मजकूर एका लांब दोऱ्यात नसतो, अकरा सुट्या तुकड्यांत असतो. त्याच्या बाहेरच्या कवचातल्या दोन प्रथिनांवरून त्याचे वाण ओळखतात, जसे आपण कणसावरून आणि दाण्यावरून ज्वारीचे ओळखतो. एकाच लेकराच्या पोटात दोन वाण एकदम शिरले, तर त्यांचे तुकडे आपसांत मिसळतात आणि बाहेर पडतो तो तिसराच. त्या वर्षांत असा एक तिसरा वाण फिरत होता. लसीला त्याची अर्धीमुर्धीच ओळख पटायची.

हेळवी लेकराच्या शीचा थेंबभर नमुना घ्यायचा आणि वीस मिनिटांत अकराच्या अकरा तुकडे वाचून काढायचा. विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो. इकडचं एक अक्षर बदलतं, तिकडचं एक. एका लेकराकडून दुसऱ्याकडे जाताना आधीच्या चुका तशाच पुढे जातात आणि एखादी नवी भर पडते. त्या चुका जुळवत गेलं की कुणाकडून कुणाला गेला ते कळतं. पडद्यावर वेल उमटायची: तीन नंबरवरून पाचला, पाचवरून नऊला.

वेलीवर नावं नसायची. पहिल्या महिन्यात होती. तेव्हा दोन आयांनी भर वॉर्डात एकमेकींच्या झिंज्या धरल्या आणि मोठ्या डॉक्टरांनी फर्मान काढलं की यापुढे फक्त खाटेचा नंबर. तसंही वॉर्डात माणसाला नाव उरत नाहीच. ‘चार नंबरनं पेज घेतली का’, ‘नऊ नंबरची आई कुठं गेली’, असंच सगळं चालतं. नमुन्याची चिठ्ठीसुद्धा खाटेच्या दांडीला अडकवलेली असायची. नर्सनं तिथली चिठ्ठी फाडायची आणि डबीला डकवायची. कुठल्या नंबरवर कोण, हे रजिस्टर सांगायचं.

हे यंत्र चालवायची पद्मजा. लॅब टेक्निशियन. नवरा अभय मस्कतला रिफायनरीत, म्हणून ती माहेरी भावाकडे राहायची. भाऊ श्रेणिक, वहिनी शीतल, त्यांची नऊ महिन्यांची स्वस्ती, आणि पद्मजाचा सोळा महिन्यांचा आर्जव. दिवसभर दोन्ही लेकरं वहिनीच्या अंगावर. वहिनीनं कधी कुरकुर केली नाही. आर्जवला आधी भरवायची, स्वस्तीला नंतर, कारण तो भूक लागली की घर डोक्यावर घ्यायचा.

पद्मजा सहाच्या सुमाराला घरी यायची. फाटक वाजलं की आर्जव हातातलं टाकून डुगडुगत दाराशी यायचा आणि दोन्ही हात वर करायचा. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून त्याला उचलायची, त्याच्या तोंडात बोट द्यायची, गाल कुस्करायची.

“आधी हात धू की गं,” वहिनी आतून म्हणायची. “दवाखान्यातनं आलीयस.”

“अगं, हातमोजे घालते मी. आणि तो थांबतोय का?”

“रडेल जरा. रडून कुणाचं काय होत नाही.”

पद्मजा हसायची आणि त्याला आणखी एक पापा द्यायची. गंमत अशी, की स्वस्तीला ती हात धुऊनच घ्यायची. भावाची लेक, जपायला नको का? आपल्या पोराचं काय, ते आपलंच.

२०३८च्या जानेवारीत, संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात, हेळव्याच्या नव्या कामाचं प्रशिक्षण पुण्याला निघालं. सोमवारी पहाटेच्या गाडीनं पद्मजा गेली. सोमवारी संध्याकाळी आर्जवला उलटी झाली. मंगळवारी वहिनीनं फोन केला, “पोट बिघडलंय गं जरा. तू येतीस का?”

“ओआरएस चालू ठेव. थोडं थोडं पाज. मी गुरुवारी येतेच.”

ती वर्गात परत जाऊन बसली. पडद्यावर रोटाव्हायरसचेच तुकडे चालले होते. तिनं नीट टिपून घेतले.

बुधवारी उजाडता उजाडता स्वस्तीलाही सुरू झालं आणि आर्जव मान टाकू लागला. श्रेणिकनं दोघांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. आठ वाजता डॉक्टर म्हणाले, मुलाला इथं ठेवण्यात अर्थ नाही, जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात न्या. पद्मजा पुण्याहून थेट तिकडेच पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आर्जवच्या पायाला सलाईन होतं, हाताला शीर सापडली नव्हती. त्यानं तिला ओळखलं का नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. गुरुवारी सकाळी तो गेला. स्वस्ती चार दिवसांनी बरी होऊन घरी आली.

दहा दिवसांनी पद्मजा कामावर हजर झाली. कुणी तिला ये म्हटलं नव्हतं. घरी बसवेना, म्हणून गेली. खुर्चीत बसली आणि पहिलं काम हे केलं की त्या बुधवारची वेल उघडली. नियम होता की वेल आणि रजिस्टर एका वेळी एकाच माणसानं बघायचं नाही. ती उठून वॉर्डात गेली, रजिस्टर उलगडलं. सात नंबर, आर्जव. आठ नंबर, स्वस्ती.

वेल सांगत होती: दोनवरून आठला. आठवरून सातला.

म्हणजे स्वस्तीकडून आर्जवला.

ती घरी आली तेव्हा वहिनी स्वस्तीला मऊ भात भरवत होती. त्या दिवशी फाटक वाजलं तरी दाराशी कुणी आलं नव्हतं.

“वहिनी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हिला घेऊन गेली होतीस?”

“गेले होते की. गल्लीतल्या चार घरी. का?”

“चार घरी चार जणींच्या मांडीवर दिली असशील. तिथनं आणलं हिनं. हिच्याकडनं माझ्या आर्जवला.”

वहिनीचा हात ताटलीतच राहिला. “पद्मा, उलटी आर्जवला आधी झाली गं. सोमवारी. हिला बुधवारी.”

“उलटी कधी झाली त्यावर काही नसतं. अंगात आधी असतं, दिसतं नंतर.”

“मी घरात होते. माझ्या डोळ्यांनी बघितलं.”

“तुझ्या डोळ्यांना काय दिसतं? हेळवी खोटं बोलत नाही.”

श्रेणिक मधे पडला, “पद्मा, काय बोलतीयस तू,” म्हणाला. पण ती थांबली नाही. वहिनीला नाही नाही ते बोलली. स्वतःचं पोर तेवढं जगवलंस, असंही बोलली. वहिनीनं स्वस्तीला उचलून पोटाशी धरलं आणि आतल्या खोलीत गेली. तिनं उलट एक अक्षर काढलं नाही. ते पद्मजाला कबुलीसारखं वाटलं. चोराच्या मनात काय असायचं ते असतंच, असं ती मनाशी म्हणाली.

तीन महिन्यांत श्रेणिकनं जयसिंगपूरला बदली मागून घेतली. घर पद्मजाकडे राहिलं. राखीला ती गेली नाही, दिवाळीला तो आला नाही. अभय मस्कतहून आला, महिनाभर राहिला, आणि जाताना म्हणाला, “तुला कोण चुकलं ते कळलं. पुढं काय करायचं त्याचं?” पुढे त्याचे फोन आठवड्यावर गेले, मग महिन्यावर.

सात वर्षं अशी गेली. या काळात पद्मजानं हजारांवर वेली पाहिल्या. त्यातून दवाखान्याचं भलं झालं, हे कबूल करायला हवं. हेळव्यामुळे कळलं की एका नळाची तोटी सगळ्या आया वापरतात, ती बदलली. खेळण्यांची टोपली वॉर्डातून काढली. त्या तिसऱ्या वाणाला ओळखणारी नवी लस आली, तिच्यासाठी पाठवलेल्या नमुन्यांत इथलेही नमुने होते. आर्जवचाही होता. पद्मजाला त्याचा थोडा आधार वाटायचा.

मग या वर्षी यंत्राची नवी आवृत्ती आली. नव्या हेळव्याला विषाणूबरोबर लेकरूही वाचता येत होतं. शीमध्ये आतड्याच्या अस्तराच्या पेशी गळून आलेल्या असतात. त्यातून एवढं तरी कळतं की लेकरू मुलगा आहे की मुलगी. नमुन्यांची अदलाबदल पकडायला ही सोय केली होती. वरून आदेश आला, गोठवून ठेवलेले जुने नमुने पुन्हा लावा.

पद्मजा रोज चाळीस नमुने लावत होती. एका मंगळवारी सकाळी, अकराच्या चहाच्या आधी, यंत्रानं दोन ओळी लाल केल्या.

सात नंबर. नोंद: मुलगा. नमुना: मुलगी.

आठ नंबर. नोंद: मुलगी. नमुना: मुलगा.

तिनं तारीख पाहिली. मग नमुने परत लावले. वीस मिनिटं ती यंत्रासमोर उभी राहिली. तेच आलं.

सुवार्ता सिस्टर निवृत्त होऊन मिरजेला चर्चच्या मागच्या आळीत राहत होत्या. त्या बुधवारी सकाळी वॉर्डात त्याच होत्या. पद्मजा दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेली. सिस्टर मेथी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि निवडलेली मेथी पुन्हा न निवडलेल्या ढिगात टाकली, इतका त्यांचा हात गोंधळला.

“सातवर आदल्या संध्याकाळी एक बाळ गेलं होतं,” त्या म्हणाल्या. “सगळ्या वॉर्डाला ठाऊक. तुझ्या मुलाचा केसपेपर आधी निघाला, म्हणून कॉम्प्युटरनं त्याला सात दिला, मुलीला आठ. तुझ्या वहिनीला शेजारच्या बाईनं सांगितलं, काल इथंच गेलं म्हणून. ती माझ्याकडं आली. म्हणाली, सिस्टर, माझी लेक ठेवा सातवर. ते पोर नणंदेचं हाय, माझ्या भरवशावर ठेवलंय. त्याला नको तिथं.”

“आणि तुम्ही बदललंत.”

“बदललं. आई म्हणतीय, तर मी कुठं नाही म्हणू? त्याला आठवर ठेवलं, तिला सातवर. नमुने घेतले, दांडीवरच्या चिठ्ठ्या डकवल्या. नऊ वाजताच्या राउंडला रजिस्टर दुरुस्त करणार होते मी. पण आठ वाजताच मुलाला हलवलं, खाट रिकामी झाली. मग मी मुलीला उचलून आठवर आणली. रजिस्टर आपोआप जुळलं. आम्ही तसंच करायचो गं. कागद खोडायला वरची सही लागायची. माणूस उचलून ठेवणं सोपं.”

परतीच्या एसटीत पद्मजानं ती वेल पुन्हा मनात मांडली. दोनवरून आठला. आठ म्हणजे आर्जव. आठवरून सातला, आर्जवकडून स्वस्तीला. वहिनी म्हणाली होती तसंच, सोमवारी आणि मग बुधवारी.

आणि दोन नंबर? ते वीटभट्टीवरचं पोर, आधल्या आठवड्यात गुरुवारी बापानं सायकलवर घालून आणलेलं. ते लोक कुणाच्या हळदीकुंकवाला जाणार होते? त्याच्या नमुन्यात आणि आर्जवच्या नमुन्यात एका अक्षराचा फरक नव्हता, म्हणजे मधे तिसरं आजारी लेकरू कुणी नव्हतंच. हे तिनं सात वर्षांपूर्वीही पाहिलं होतं. पण तेव्हा तिला वहिनी सापडली होती, त्यापुढं शोधायची गरज वाटली नाही.

दवाखान्यातून त्यांच्या घरी त्या आठवड्यात एकच माणूस रोज येत होतं. त्या पोराची डबी शनिवारी उघडली होती ती तिनंच. हा विषाणू हातावर तासन्‌तास तग धरतो, आणि लेकराला पाडायला त्याचे दहा-वीस कण पुरतात. हे ती नव्या नर्सेसना दर वर्षी शिकवायची. शनिवारी हातमोजे काढल्यावर हात धुतले होते का, हे आठवायचा तिनं खूप प्रयत्न केला. आठवलं ते एवढंच, की फाटक वाजलं, तो धावत आला, आणि तिनं त्याच्या तोंडात बोट दिलं. त्याला नवी दाढ येत होती, ती तिला चाचपून बघायची होती.

शेजारच्या बाईनं विचारलं, “बरं नाही का वाटत?” पद्मजा म्हणाली, “गाडी लागते मला.”

जयसिंगपूरला जायला तिला आणखी बारा दिवस लागले. दोनदा स्टँडवरून परत आली. शेवटी एका रविवारी दुपारी ती दारात उभी राहिली. दार एका सात वर्षांच्या मुलीनं उघडलं. दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले.

“आई, कोणतरी आलंय.”

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली. केस कानाशी पांढरे झाले होते.

“दादा आहे?”

“बाहेर गेलाय. येईल तासाभरात.”

पद्मजानं मनाशी बरंच काही जुळवून आणलं होतं. त्यातलं काही आठवेना. दारातच ती म्हणाली, “वहिनी, तू त्यांच्या खाटा बदलल्या होत्यास.”

वहिनीनं मागं वळून बघितलं. मग स्वस्तीला म्हणाली, “आत जा, अभ्यास कर.” स्वस्ती गेली नाही, दाराच्या आड उभी राहिली.

“सुवार्ता सिस्टरांकडं गेले होते मी,” पद्मजा म्हणाली. “मला आत्ता कळलं.”

“मला सहा वर्षांमागं कळलं.”

“काय?”

“चिठ्ठ्यांचं. सिस्टर बाजारात भेटल्या. बोलता बोलता मी विचारलं, त्या डबीवर नाव असतं का नंबर. त्या म्हणाल्या, नंबर. घरी येऊन बसले आणि डोक्यात प्रकाश पडला.” वहिनी उंबऱ्यावर टेकली. “आले होते मी तुला सांगायला. फाटकापर्यंत आले. तू अंगणात त्याचे स्वेटर उन्हात घालत होतीस. एक एक उलटा करून. मी परत गेले.”

“का गं? मी तुला एवढं बोलले. का नाही सांगितलंस?”

“आणि काय झालं असतं? ‘मी नाही’ म्हटल्यावर ‘मग कोण’ ते तू शोधलं असतंस. तू हुशार आहेस, तुला सापडलं असतं.” वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “माझी लेक माझ्याजवळ होती. तुझ्याकडं रागवायला मी तरी होते. तेवढंही काढून घ्यायचं, हे मला जमलं नाही.”

पद्मजा पायरीवर बसली. “माझ्या हातनं गेला गं तो, वहिनी.”

वहिनी ‘नाही’ म्हणाली नाही. पद्मजाला सगळ्यात जास्त ते लागलं, आणि त्याचंच बरंही वाटलं. कितीतरी वर्षांत तिच्याशी कुणी खरं बोललं नव्हतं. वहिनी नुसती शेजारी सरकून बसली. आपण या बाईची सात वर्षं खाल्ली, भावाची खाल्ली, या पोरीला आत्या म्हणजे काय ते कळू दिलं नाही, असं पद्मजाच्या मनात येत होतं, आणि ते आता परत देता येण्याजोगं नव्हतं.

दाराआडून स्वस्ती हळूच पुढं आली. “ही आत्या का?” तिनं आईला विचारलं. “फोटोतली?”

“हं.”

पोर आणखी एक पाऊल पुढं आली. पद्मजाचे हात आपोआप वर झाले, आणि तिनं ते तसेच मागं घेतले, मांडीखाली दाबून ठेवले.

वहिनीनं ते पाहिलं. ती उठली, आत गेली, तांब्या आणि साबणाची वडी घेऊन आली.

“आधी हात धू,” ती म्हणाली.

पद्मजानं दोन्ही हात पुढं केले. वहिनी वरून पाणी ओतत राहिली. पद्मजानं साबण लावला, बोटांच्या मधे, नखांच्या आत, मनगटापर्यंत. धुतले, पुन्हा लावला. तांब्या रिकामा झाला तरी तिचे हात एकमेकांवर फिरतच होते.

“आई, एवढा वेळ हात धुतात का?” स्वस्तीनं विचारलं.

दुसरा तांब्या भरून आणायला वहिनी आत गेली.